निवड आणि निवाडा



खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपण जिला एन.डी.ए. म्हणतो ती संस्था, हिच्यासाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोन वेळा परीक्षा घेतो. अर्ज लाखांनी येतात आणि जागा असतात सुमारे चारशे. लेखी परीक्षेच्या चाळणीतून पार पडलेली मुले भोपाळ, बंगळूर, प्रयागराज अशा ठिकाणी निवड मंडळापुढे जातात. त्यांतल्या कित्येकांना पहिल्याच दिवशी घरी पाठवतात. उरलेली पाच दिवस राहतात आणि त्यांतलीही बहुतेक शेवटच्या दिवशी आपली बॅग उचलून परतीच्या गाडीत बसतात. या मुलांत आता आपल्या वस्तीतील मुलेही असतात आणि अलीकडे मुलीही असतात. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसवले, त्यांची नातवंडे तिथपर्यंत पोचतात, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु परत आलेल्या मुलाचे पुढे काय होते? मी शाळामास्तर आहे. असे विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कोणी महिनाभर घराबाहेर पडत नाही. कोणी पौर्णिमेला विहारात यायचे टाळतो, कारण तिथे चार माणसे विचारणार, ‘काय रे, झालं का तुझं?’ कोणाचे वडील बोलणेच बंद करतात. कोणाची आई शेजारणीच्या सांगण्यावरून गुपचूप ज्योतिष्याकडे जाऊन येते. एका परीक्षेत मुलगा निवडला गेला नाही, एवढीच गोष्ट घडलेली असते. घरात मात्र कोणी गेल्यासारखी अवकळा पसरते. असे का व्हावे, याचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

माझ्या मते याचे मूळ एका गैरसमजात आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, निवड आणि निवाडा. ते कानाला जवळचे वाटतात, पण त्यांच्या अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेतकरी बियाण्यासाठी ज्वारीची कणसे निवडतो. उरलेली ज्वारी तो उकिरड्यावर फेकत नाही. तिचीच वर्षभर भाकरी होते आणि तिच्यावरच घर जगते. ही निवड झाली. निवाडा चावडीवर होतो. अमका दोषी, अमका निर्दोष, अमका आत, अमका बाहेर, असे तिथे ठरते. निवड कामापुरती असते, निवाडा माणसाचा असतो. मंडळाने केली ती निवड. आपण घरी आणतो तो निवाडा.

निवाडा कशाला म्हणतात

आपल्याला प्रत्येक ‘नाही’ निवाड्यासारखा का ऐकू येतो, याला इतिहास आहे. तो विसरून चालणार नाही.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले आणि पडले. त्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. अमक्या जाती लढाऊ आणि अमक्या लढाऊ नव्हेत, असा सिद्धांत त्या वेळी सरकारने उचलून धरला होता. कोणाची धाव मोजली नाही, कोणाचा नेम तपासला नाही, कोणाचे धैर्य पाहिले नाही. जात पाहिली आणि दार लावले. याला निवाडा म्हणतात.

आपल्या पूर्वजांनी हा निवाडा मुकाट्याने मान्य केला नाही. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर सैनिक. त्यांनी १८९४ साली भरती पुन्हा खुली करावी म्हणून विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायत सरकारकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ साली ती मोडली गेली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न सोडला नाही. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची उभारणी झाली. सुमारे पन्नास वर्षांचा हा झगडा आहे.

निवाड्याचे दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. एन.डी.ए.त २०२१ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. मुलगी कितीही हुशार, कितीही काटक असो, तिला अर्जही भरता येत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ साली न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला. २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तिथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. म्हणजे निवाड्याला उत्तर असते अर्ज, संघटना, न्यायालय आणि झगडा. तिथे ‘मन शांत ठेवा’ असा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला साथ देणे होय.

तीन प्रश्न

मग आपल्या मुलाला मिळालेला ‘नाही’ कोणत्या जातीचा आहे, हे कसे ओळखावे? तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून पाहा. त्याप्रमाणे मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : पाहिले काय, जन्म की काम? दुसरा : कसोटी आधी सांगितलेली होती काय, आणि ती सर्वांना सारखी लावली काय? तिसरा : दार पुन्हा ठोठावता येते काय?

एन.डी.ए.च्या बाबतीत हे प्रश्न विचारून पाहा. लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात. निवड मंडळाकडे ९०० गुण असतात. हे सर्व आधी जाहीर असते. मंडळात मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या घेतो, दुसरा अधिकारी मैदानावर गटाची कामे घेतो, तिसरा मुलाखत घेतो. तिघे आपापल्या परीने वेगवेगळे गुण देतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ठरवतात. मन, वाचा आणि कर्म या तिन्हींचा मेळ बसतो की नाही, हे त्यांना पाहायचे असते. कित्येकदा एका तुकडीतून एकाचीही शिफारस होत नाही. आणि वयाच्या मर्यादेत पुन्हा बसता येते. म्हणून सर्वसाधारणपणे ही निवड आहे, निवाडा नव्हे.

मंडळावर माणसेच बसतात, हे मला मान्य आहे. कुठे या तीन प्रश्नांची उत्तरे वाकडी आली, तर अवश्य माहिती मागवा, दाद मागा. पण तपासल्यावाचून ‘आपल्याला मुद्दाम डावललं’ असे म्हणू नका. तपासल्यावाचून ‘आपलीच लायकी नाही’ असेही म्हणू नका. पहिल्या वाक्याने मुलगा पुढची तयारी सोडतो, दुसऱ्याने तो स्वतःलाच सोडतो. दोन्ही वाक्ये न तपासता केलेली आहेत, म्हणून दोन्ही धम्माला धरून नाहीत.

निवडीत मुलाच्या हाती नसलेली किती कारणे असतात, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९५८ साली डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे ए.पी.जे. अब्दुल कलाम गेले होते. जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. ते पुढे राष्ट्रपती झाले, म्हणून नाकारले जाणे शुभ असते, असे मी म्हणत नाही. नाकारलेला प्रत्येक मुलगा कलाम होत नाही, आणि व्हायलाच पाहिजे असेही नाही. माझा मुद्दा साधा आहे. त्या दिवशी नऊ जागा असत्या तर तोच तरुण वैमानिक झाला असता. त्याच्यात काहीही बदलले नसते, जागांचा आकडा तेवढा बदलला असता. मग त्या आकड्यावरून तरुणाची किंमत ठरवणे हा शहाणपणा आहे काय?

संघाच्या दारातील अटी

काही वाचक म्हणतील की, जिथे समता आहे तिथे कोणाला नाकारूच नये. त्यांनी विनयपिटक पाहावे. भगवान बुद्धाच्या संघातही सरसकट प्रवेश नव्हता. उपसंपदेसाठी वीस वर्षे पूर्ण लागत. आई-वडिलांची परवानगी लागे. कर्जदाराला घेत नसत. पाच रोगांनी पीडित असलेल्यांना घेत नसत, कारण जीवक वैद्याकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून लोक चीवर घेऊ लागले होते आणि बरे झाले की संघ सोडून जात होते. जीवकानेच ही अडचण तथागतांपुढे मांडली. आणि नवल असे की, राजाच्या सैनिकालाही प्रवेश नव्हता! सीमेवर गडबड झाली तेव्हा बिंबिसाराचे काही योद्धे लढाई सोडून भिक्षू झाले. त्यावरून हा नियम आला.

आता विचार करा. संघाच्या दारातून परत गेलेला तो सैनिक किंवा तो आजारी माणूस हीन ठरला काय? मुळीच नाही. त्याच्या जातीला, कुळाला कोणी विचारले नव्हते. न्हाव्याचे काम करणारा उपाली आणि रस्ते झाडणारा सुनीत, दोघेही त्याच संघात आदराने आले. अटी होत्या, पण जन्माची अट नव्हती. ज्याला भिक्षू होता आले नाही त्याला उपासक होण्याचा मार्ग खुला होता आणि तो मार्ग कमी प्रतीचा नव्हता. अनाथपिंडिक भिक्षू नव्हता, विशाखा भिक्षुणी नव्हती, स्वतः जीवक आयुष्यभर वैद्यच राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तीही उपासकाचीच. एका विशिष्ट कामासाठी माणसे वेचून घ्यावीत आणि तरीही कोणा माणसाला कमी लेखू नये, ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी शक्य होती. मग आपल्या घरात ती शक्य का होऊ नये?

घरातील माणसांचे कर्तव्य

चूळपंथकाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याला संघातून जा म्हणणारा कोणी परका नव्हता, त्याचा सख्खा थोरला भाऊच होता. चूळपंथक विहाराच्या दाराशी खिन्न होऊन उभा राहिला. तथागतांनी त्याला पाहिले, हाताला धरून आत नेले आणि पाठांतराऐवजी हातात एक स्वच्छ कापड दिले. ते चोळता चोळता मळते कसे, हे पाहत राहा म्हणाले. जे पाठांतराने साधले नव्हते, ते निरीक्षणाने साधले. माणूस तोच राहिला. बदलली ती रीत.

माता-पित्यांनो, आपण थोरल्या भावासारखे वागतो की तथागतांसारखे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. परीक्षेत न निवडलेल्या मुलाला घरातल्या माणसांनीही न निवडले, तर त्याने जावे कुठे? त्याला चार दिवस दुःख करू द्या. दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच आपला धम्म सुरू होतो, तेव्हा ते झाकायचे कारण नाही. मात्र त्याच्या दुःखात आपल्या अब्रूचे दुःख मिसळू नका. ‘आम्ही गावात सांगून बसलो होतो’ हे त्याचे दुःख नव्हे, ते आपले आहे. आपले आपण सोसावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘नशिबात नव्हतं’, ‘साडेसाती आहे’, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ ही वाक्ये बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत अजून ऐकू येतात. ज्या विचाराने आपल्याला शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, तोच हा विचार आहे. तो मागच्या दाराने परत येतो. नशीब हे कारण नव्हे, ते कारण न शोधण्याचे निमित्त आहे. आपला धम्म सांगतो की दुःखाला कारण असते. मग कारण शोधा. गणितात गुण कमी पडले काय? गटचर्चेत तोंड उघडले नाही काय? वैद्यकीय तपासणीत अडले काय? तात्पुरता दोष असेल तर ठरलेल्या मुदतीत अपील करून पुन्हा तपासणी करून घेता येते. रंग ओळखण्याचा जन्मजात दोष असेल तर मात्र तो औषधाने जात नाही. ते सत्य तसेच स्वीकारून दुसरीकडे वळावे. ‘मनात आणलं तर काय अशक्य आहे’ असे अशा मुलाला सांगणे हीसुद्धा त्याची फसवणूकच आहे.

दुसरे मार्ग

वाट बदलण्यापूर्वी मुलाने स्वतःला विचारावे, मला त्या गणवेशात नेमके काय हवे होते? देशाची सेवा, साहसाचे जीवन, घराला स्थैर्य की समाजात मान? उत्तर प्रामाणिक असेल तर पुढची वाट आपोआप दिसू लागते.

सैन्यातच जायचे असेल तर एन.डी.ए. हे एकच दार नाही. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा असते. तिच्यातून डेहराडून, एळीमला, हैदराबाद आणि चेन्नई येथील संस्थांत जाता येते. महाविद्यालयात एन.सी.सी. करून ‘सी’ प्रमाणपत्र मिळवले तर लेखी परीक्षेवाचून थेट निवड मंडळापुढे जाण्याची सोय आहे. शिपाई म्हणून भरती झालेल्या तरुणालाही डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजातून अधिकारी होता येते. मात्र २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर योजनेत जाणाऱ्याने तिच्या अटी नीट वाचाव्यात. ती चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा तरुणांनाच कायम ठेवतात. पुढील शिक्षणाचा बेत आधीच आखून जावे. लहान भावंडांची तयारी वेळेवर करायची असेल तर १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे.

सेवा आणि साहस हवे असेल पण सैन्याचे वय निघून गेले असेल, तर पोलीस, केंद्रीय सशस्त्र दले, वनखाते आणि अग्निशमन दल यांची दारे आहेत. अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. आगीत शिरून लहान मूल बाहेर काढणाऱ्याचे धैर्य कोणत्याही सैनिकापेक्षा कमी नाही. दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका आणि धरणावर काम करणारा इंजिनियर हेही देशच उभा करतात.

येथे मध्यम मार्ग सांगतो. एका ‘नाही’ने खचून वाट सोडू नका. तसेच वय संपेपर्यंत दुसरे काहीच न करता त्याच दाराशी बसूनही राहू नका. किती वेळा प्रयत्न करायचा हे आधी ठरवा आणि त्याबरोबर पदवीचे शिक्षण चालू ठेवा. क्लासच्या भरमसाट फीसाठी शेत गहाण टाकू नका, आईचे मंगळसूत्र विकू नका. ज्याने मुलाच्या मनावर कर्जाचे ओझे चढते तो प्रयत्न पुढच्या परीक्षेत त्याला मागेच खेचतो.

आपल्या पूर्वजांनी हेच केले. दाराशी झगडा चालू ठेवला आणि त्याच वेळी दुसरी दारे उघडली. सुभेदार रामजी आंबेडकर महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. फौजेतील शाळांनी सैनिकांच्या मुलामुलींना अक्षरओळख दिली होती. भरती बंद झाली, बंदुका गेल्या, पण अक्षरे राहिली. त्याच अक्षरांच्या बळावर वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. शिवराम जानबांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले. रामजींनी आपल्या धाकट्या मुलाच्या हाती पुस्तक दिले. त्या पुस्तकाने पुढे काय घडवले, हे मी आपणास सांगायला नको.

आपल्यावरील ऋण

शेवटी एक कठीण गोष्ट. निवड निवाडा नसली तरी जुन्या निवाड्याची सावली तिच्यावर पडते. ज्या मुलाच्या घरी जेवताना बातम्यांवर चर्चा होते तो गटचर्चेत सहज बोलतो. आपल्या मुलाच्या घरी तोवर उद्याच्या मजुरीचा हिशेब चाललेला असतो. दहा अनोळखी मुलांत उभे राहून आपले मत मांडायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच तिथे येते. हा मंडळाचा दोष नव्हे आणि मुलाचा तर नव्हेच. हे इतिहासाचे ऋण आहे आणि ते आपण सर्वांनी मिळून फेडायचे आहे.

ते फेडायला फार पैसा लागत नाही. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास मुलांसाठी ठेवा. एक मुलगा वर्तमानपत्र मोठ्याने वाचील. मग प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे बोलावे, मुलींनी आधी. कोणी अडखळले तर हसू नये. नंतर मैदानावर खेळ घ्यावेत. पाच-सात वर्षे हे चालले तर फरक दिसल्यावाचून राहणार नाही.

आणि हा वर्ग चालवायला योग्य माणूस कोण? जो परत आला आहे तोच. वस्तीत ते पाच दिवस पाहिलेला तोच एकटा आहे. छातीवर क्रमांक लावून कसे उभे राहतात, चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट कशी लिहितात, दोर आणि फळ्या घेऊन गटाने खंदक कसा ओलांडतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. येत्या रविवारी त्याच्या घरी जा. ‘झालं का तुझं?’ असे विचारू नका. ‘आमच्या पोरांना तिथलं सांगशील का?’ असे विचारा. त्याला विहारात घेऊन या आणि मुलांसमोर उभे करा.